एकतीस गाठींचा दोर

२० मार्च २०१६, रविवार

सगळ्यात आधी कोंडाबाई आली. तिच्या मागं तिची जाऊ, मग पलीकडच्या दोघीजणी, आणि टँकर सगळ्यात शेवटी. माझं अंगण रस्त्याला लागून, म्हणून बाया घागरी इथंच मांडतात. घागरी रांगेत बसतात, बाया ओट्यावर. कोंडाबाईचं तोंड तेवढं कुठंच बसत नाही.

"काय गं सरजे, तुझी डाक्टरीन घरी बसली म्हनं?"

"नांदेडला हाय."

"मंग नौकरी?"

"शोधून राहिली."

"इतकं शिकून शोधतीच हाय का अजून? माझा नातू बघ, धाव्वीत दोनदा बसला अन् टँकरवर लागला बी."

त्याच नातवाच्या टँकरची वाट बघत आम्ही दोन घंटे बसलो होतो, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण पाणी तोच सोडणार, म्हणून गिळलं.

ही डायरी पंचशीलाने दिली. पंचशीला म्हणजे माझ्या साहेबरावची थोरली. म्हणाली, "आजी, बहात्तरच्या दुष्काळाचं जे जे आठवतं ते यात लिही, मला कामाला येईल." मी पंचेचाळीसाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकले, तेव्हापासून कुणी मला असं काम दिलं नव्हतं. पण जुनं लिहायला बसले की टँकर येतो, आणि टँकर गेला की कोंडाबाई आठवते. होईल तसं लिहीन.

पंचशीलाने नांदेडच्या विद्यापीठात जमिनीखालच्या पाण्यावर पीएच.डी. केली. नावापुढं डॉक्टर लागलं त्या दिवशी मी घरटी पेढा दिला. कोंडाबाईने पेढा खाल्ला आणि गुडघा दाखवायला पाय पुढं केला.

मला वाटलं आता शिक्षण संपलं. पण त्याच्याही पुढं एक असतं, त्याला पोस्टडॉक म्हणतात. एखाद्या मोठ्या विद्यापीठात मोठ्या सरांजवळ दोन-तीन वर्षं संशोधन करायचं, पगार मिळतो. पण ती जागा आपली आपणच हुडकायची. सरांना पत्र लिहायचं, आपण काय केलं ते कळवायचं, आणि दोन जाणत्या माणसांनी आपल्याबद्दल लिहून द्यायचं. मी म्हणाले, हे तर स्थळ बघितल्यासारखंच झालं. ती म्हणाली, "स्थळवाले न्हाई तरी म्हणतात, आजी. इथं जवाबच येत न्हाई."

२५ मार्च, शुक्रवार

साहेबराव जळकोटला तहसीलमध्ये लिपिक आहे. आज जेवताना लेकीला फोनवर म्हणाला, "कामून वणवण करून राहिली? उदगीर जिल्हा होणार हाय. नवा जिल्हा म्हणजे नवी हापिसं. पाण्याचं हापीस बी येईल. तू घरचं खाऊन नौकरी करशील."

पंचशीला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. साहेबरावने फोन ठेवला आणि भाकरी अर्धी टाकून उठला.

त्याचं मला कळतं. लातूर जिल्हा झाला ब्याऐंशी साली, पंधरा ऑगस्टला. त्याच्या आधी आम्ही उस्मानाबादचे. गाव तेच, घर तेच, दाराची कडीसुद्धा तीच, आणि एका सकाळी जिल्हा दुसरा. नव्या जिल्ह्यात शिपाई पाहिजे होते. आमच्या मालकांना जागा मिळाली. त्यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही, लिहायला काय हरकत आहे. लिंबाजी. खाकी कपडे घालून पहिल्यांदा घरी आले तर कुत्रं भुंकलं त्यांच्यावर. मी लई हसले. आमच्या घराला पत्रे आले, साहेबरावला पुढं शिकता आलं, ते सगळं नव्या जिल्ह्यापायी. म्हणून साहेबरावला वाटतं जिल्हा झाला की घर उभं राहतं.

पण उदगीर जिल्हा होणार हे मी पंचशीला पाळण्यात होती तेव्हापासून ऐकते आहे.

२९ मार्च, मंगळवार

डायरीच्या शेवटच्या पानावर मी गावं लिहिली आहेत, जिथं जिथं पंचशीलाने दरखास्त धाडली ती. पुणे, रुरकी, हैदराबाद, खडगपूर, गुवाहाटी. एक जर्मनीतलं आहे, त्या गावाचं नाव मला जमेना, म्हणून नुसतं जर्मनी लिहिलं. एकूण तेरा. नऊ जणांनी जवाब दिला नाही. तिघांनी लिहिलं, काम चांगलं आहे पण आकडे थोडे आहेत.

पंचशीलाने मला समजावून सांगितलं. ती आपल्या ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी कसं खाली जातं ते मांडते आहे. पण विहिरीची नोंद आहे ती अलीकडची. बहात्तरसारख्या दुष्काळात पाणी कोणत्या हप्त्यात किती उतरलं, हे इथं कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं.

तेरावे बेंगळूरचे एक सर आहेत, गुरुपादप्पा नावाचे. त्यांच्याकडं एकच जागा आहे, ३० एप्रिलपर्यंत नाव द्यायचं. त्यांनी मात्र दोन ओळी लिहिल्या: बहात्तरचा काही पुरावा असता तर तुमचंच नाव दिलं असतं.

"म्हंजी नकारच की गं," मी म्हणाले.

"हाव, नकारच," ती म्हणाली. तिचा आवाज लहानपणी शाळेतून आल्यावर व्हायचा तसा झाला होता. तेव्हा मी तिला गूळ-शेंगा द्यायचे. फोनवरून काय देणार.

१ एप्रिल, शुक्रवार

आज टँकर नाही. आज बहात्तरचं लिहिते.

मी तेव्हा चोवीसची असेन. साहेबराव सहा वर्षांचा, खडीच्या ढिगावर बसून कामावर वाटायची ती गोड पिठाची सुकडी खायचा. आम्ही रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो, शनिवारी पगार. उन्हात हाताला फोड यायचे, पण बाया सगळ्या एका जागी, त्यामुळं गप्पा भारी रंगायच्या. सुकडी गोड लागायची. आता सूनबाई बदामाचा शिरा करते, त्याला ती चव नाही.

आमच्या वस्तीची विहीर ओढ्यात होती. अजून आहे. आपल्याच माणसांनी खणलेली. त्या साली पाणी उतरायला लागलं तसं भांडणं सुरू झाली, कोण किती घागरी नेतं त्याची. मग जाणत्यांनी ठरवलं, दर शनिवारी पाणी मापायचं आणि त्या हिशोबाने घागरी वाटायच्या. मापायचं कुणी? मी लांबून नांदायला आलेली, कुणाच्या भावकीत नाही, म्हणून मी.

मालकांनी अंबाडीच्या वाखाचा दोर वळला. टोकाला फुटक्या वरवंट्याचा तुकडा बांधला. तो सोडायचा, पाण्याला टेकला की डुबुक वाजतं. त्या वक्ताला विहिरीच्या काठाशी दोर जिथं असेल तिथं गाठ मारायची. पहिली गाठ चौदा हातांवर, दिवाळीच्या नंतरची. दर शनिवारी एक. कोंडाबाई तेव्हाही शेजारीच राहायची. तिचा सासरा गाठ मोजायला यायचा आणि म्हणायचा, "पोरीची गाठ सैल न्हाई बगा." त्या म्हाताऱ्याने मला आयुष्यात एकदाच चांगलं म्हटलं, पण त्याचं मला अजून बरं वाटतं.

माघात गावची विहीर आटली. गावची म्हणजे वरच्या आळीची. तिथं आम्ही कधी गेलो नाही, तशी रीतच नव्हती. मग एका सकाळी वरच्या आळीच्या बाया आमच्या विहिरीवर आल्या. आधी लांब उभ्या राहिल्या. मीच पोहरा ओढला आणि त्यांच्या घागरीत ओतला. त्या घागर पुढं करायच्या आणि हात मागं घ्यायच्या. मला मजा वाटायची. एवढ्या बाया, एवढी लुगडी, आमच्या ओढ्याला जत्रेसारखं झालं होतं. मृगानंतर पाऊस झाला, त्यांची विहीर भरली, आणि त्या परत गेल्या.

त्या दोराला एकतीस गाठी आहेत. अजून आढ्याला टांगलेला आहे.

एवढं लिहून हात दुखला.

३ एप्रिल, रविवार

पंचशीला एक दिवस येऊन गेली. मी भाकरी थापत होते, ती डायरी वाचत होती. वाचून झाल्यावर तिने मोबाईलने पानांचे फोटो काढले. मग माझ्या मागं येऊन बसली आणि पाठीला पाठ लावली. मी म्हणाले, "सरक, तवा तापलाय." तिला लगेच नांदेडची गाडी धरायची होती. आढ्याकडं बघायलाही थांबली नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

लातूरला रेल्वेने पाणी आलं. टीव्हीवर दाखवलं. मिरजेहून डबेच्या डबे पाणी. माणसं रुळाकाठी उभी राहून बघत होती, जसं आम्ही पहिल्यांदा इंजिन बघायला उदगीरला गेलो होतो तसं. साहेबराव म्हणाला, "बघ माय, आपल्या जिल्ह्याला गाडीने पाणी." मी म्हणाले, "आणि आपल्याला?" तो म्हणाला, "आपल्याला टँकर हाय की." टँकर आज आला नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. सकाळी पांढरं पातळ नेसून विहारात गेले. एकशे पंचविसावी, म्हणून मिरवणूक मोठी होती, पण पाणी नाही म्हणून जेवणावळ ठेवली नाही. सगळ्यांना एकेक केळं.

दुपारी पंचशीलाचा फोन. आवाज उड्या मारत होता. "आजी, बेंगळूरचे सर येणार आपल्या घरी. बावीस तारखेला. लातूरला दुष्काळ बघायला येणारच होते. संगट प्रमोदिनी मॅडम बी येतील." प्रमोदिनी मॅडम म्हणजे तिच्या नांदेडच्या गाईड. पत्र त्यांनीच लिहून दिलं होतं.

"घर बघायला?"

"तुला भेटायला."

मी समजले. सर भले बेंगळूरचे असोत, पोरगी घ्यायची तर घर बघणारच. माणसं कशी आहेत, बसायला काय देतात, सगळं बघतात. आमच्या मालकांची माणसं मला बघायला आली तेव्हा माझ्या बापाने शेजाऱ्याची बाज मागून आणली होती.

मी म्हणाले, "पोरी, आपली बाज लई झोळ पडलीय, पायथ्याचा ताण गेलाय. पाहुणे बसले तर गुडघे छातीला लागतील."

ती म्हणाली, "बाजेचं राहू दे. तो बहात्तरचा दोर आहे ना गं अजून?"

"हाय की आढ्याला."

"मग तो काढून ठेव. आणि आजी..."

तिथं रेंज गेली. आमच्याकडं रेंज टँकरसारखीच आहे.

पोर हुशार आहे. माझ्या ध्यानातच आलं नव्हतं की ताणाला दोर घरातच आहे. वाखाचा, घरी वळलेला. नायलॉनची दोरी कचकचते.

१८ एप्रिल, सोमवार

दोन दिवस गाठी सोडवते आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या गाठी, दगड झालेल्या. भिजवल्या असत्या तर सैल पडल्या असत्या, पण पाणी आहे कुठं भिजवायला. कोरड्याच, दाभणाने. बोटं सुजली. पण गाठी ठेवून बाज ताणली तर पाहुण्यांच्या पाठीला टोचतील.

कोंडाबाई येऊन बसली. "कशाला जीव काढतीस? बाजारातून आण की दुसरा."

"घरचा हाय. पाहुण्यांना दाखवायला बरा."

"सोयरीक हाय का?"

"तसंच समज."

तिने दोर हातात घेतला, आणि जरा वेळ गप्प बसली. कोंडाबाई गप्प बसणं म्हणजे काय ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. मग म्हणाली, "ह्यो माघातला तुकडा. दुसरा जोडला होता तुझ्या मालकानं. पहिला पुरंना झाला म्हणून." मी म्हणाले, "हाव." ती म्हणाली, "माझं बाळ गेलं तो शनवार." मी विसरले नव्हते. त्या शनिवारची गाठ मी मारली आणि तिच्याकडं गेले होते. आज ती गाठ तिनेच सोडवली, माझ्या हातून दाभण घेऊन. मग तिने नाक शिंकरलं आणि विचारलं, "बेंगळूरचा पोरगा काय करतो?"

"पोरगा न्हाई, सर हायत. साठीचे असतील."

"अगंबाई," ती म्हणाली, आणि घागर न घेताच गेली.

१९ एप्रिल, मंगळवार

बाज झाली. नुसती टिंग वाजते. मी स्वतः बसून बघितलं. वरवंट्याचा तुकडा दाराला अडसर म्हणून लावला.

२१ एप्रिल, गुरुवार

पंचशीला सकाळच्या गाडीने आली. मी म्हणाले, "बस की बाजेवर, बघ कसा ताण बसलाय." ती बसली. हसली. म्हणाली, "मस्त गं. दोर कुठाय?"

"तुझ्याच बुडाखाली."

ती आधी हसलीच. मग उठली, वाकली, पायथ्याला हात लावून बघितला. सगळ्या दोरावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग तिथंच जमिनीवर बसली.

"गाठी?"

"सोडल्या. टोचतील म्हणून."

ती रडली नाही. ओरडलीही नाही. तेच मला बेक्कार वाटलं. मग तिने सांगितलं. सर घर बघायला येणार नव्हते. दोर बघायला येणार होते. माझी पानं वाचून तिने त्यांना कळवलं होतं की बहात्तरचा आकडा आहे, एकतीस हप्त्यांचा, आमच्या घरात आढ्याला टांगलेला. ती एक जागा त्या गाठींवर होती.

सूनबाईने चूल विझवली आणि येऊन उभी राहिली. साहेबराव जेवायला घरी आला तर आम्ही तिघी तशाच.

मी म्हणाले, "मी परत मारते. कुठं कुठं होत्या मला ठावं हाय."

पंचशीला म्हणाली, "आजी, एकतीस गाठी कशा आठवतील?"

मी बाज सोडली. डोळ्यात मोतीबिंदू आहे, बारीक दिसत नाही, म्हणून दिसण्याचं कामच ठेवलं नाही. दोर मांडीवर घेतला आणि अंगठ्याने चाचपत गेले. पहिली गाठ, दिवाळी. तिसरी, त्या शनिवारी पगार झाला नव्हता. सातवी, साहेबरावला गोवर. पंधरापर्यंत गाठीगाठीत एक वीत, फार तर चार बोटं इकडं तिकडं. सोळावी माघातली, कोंडाबाईच्या बाळाची. तिथून पुढं हात हात अंतर. तिन्हीसांजेच्या आत एकतीस झाल्या.

साहेबराव खुश. म्हणाला, "झालं. आता कुणी काय सांगायचं न्हाई. हाय तसा दाखवायचा."

पंचशीला म्हणाली, "सांगणार मी, पप्पा."

"सांगितलं तर गेली समज जागा."

"जाऊ दे."

"येडी झालीस का? चौदाव्या ठिकाणी विचारणार काय आता? मी तेव्हाच म्हणलं होतं, इथं राहा, जिल्हा होऊ दे."

"गाठी आजच्या हायत, पप्पा. बहात्तरच्या म्हणून कशा दाखवू?"

साहेबराव माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्या बाजूने बोलावं म्हणून. मी म्हणाले, "आपण जेवून घेऊ." कुणी जेवलं नाही.

२२ एप्रिल, शुक्रवार

प्रमोदिनी मॅडम आधी उतरल्या, मग सर. मॅडम सुती साडीतल्या, बारीक बांध्याच्या, नांदेडच्या शिकलेल्या घरातल्या. ओट्यावर चपला काढल्या आणि पहिलं काय केलं तर पाणी मागितलं. मी थबकले. सूनबाईने आणायच्या आत परत म्हणाल्या, "आजी, माठातलं द्या." तांब्याने घटाघट प्यायल्या. त्यांच्या आईबरोबर आम्ही असं बसलो असतो का, असं माझ्या मनात आलं आणि गेलं. तो तांब्या मी अजून घासलेला नाही, उगीच.

सर उंच, पांढऱ्या मिशा. कर्नाटकातल्या भालकीचे निघाले, मराठी बोलणारे. "नमस्कार अज्जी," म्हणाले. माझं माहेर त्याच बाजूला. मी कानडीत म्हणाले, "नीरु बेका?" म्हणजे पाणी पाहिजे का. ते इतके हसले की गाडीचा ड्रायव्हर बघायला आला. मग बाज नसल्यामुळं सगळे चटईवर बसले.

पंचशीला उभी राहिली. हात मागं घेऊन. लहानपणी पाढे म्हणायची तशी. म्हणाली, "सर, दोर आहे. पण गाठी आजीने चार दिवसांमागं सोडल्या होत्या. बाजेला लावायला. काल आठवून परत मारल्या. मी आधी सांगायला पाहिजे म्हणून सांगते."

साहेबराव दारात होता. तो ओट्यावर गेला आणि वरवंट्याच्या तुकड्याकडं बघत उभा राहिला.

मी म्हणाले, "सर, पोरीची चूक न्हाई. मला वाटलं तुम्हाला टोचतील."

सर उठले. दोर घेऊन अंगणात गेले, उन्हात. चष्मा काढला, दुसरा लावला. एक गाठ सोडली, आतली जागा बघितली. मग दुसरी. मी मनात म्हणाले, हे तर पुन्हा सगळ्या सोडून राहिले, माझी बोटं गेली फुकट. कोंडाबाई तिच्या ओट्यावरून मान लांब करून बघत होती.

मग त्यांनी पंचशीलाला हाक मारली. मी पण गेले. त्यांनी दोर उन्हात ताणून धरला. दोर सगळा काळपट, चुलीच्या धुराचा. पण जिथं जिथं गाठ होती तिथं आतला वाख पिवळा, कालच्यासारखा, आणि पीळ मुडपलेला. धूर तिथं कधी शिरलाच नव्हता. मला हे दिसत नव्हतं, त्यांनी माझं बोट धरून त्यावर ठेवलं.

"अज्जी, दोर भिजवला का?"

"पाणी कुठं हाय, सर, दोराला पाजायला?"

"भिजवला असता तर ह्या खुणा गेल्या असत्या," ते म्हणाले. "गाठ सुटली, जागा सुटली न्हाई."

मग ते, मॅडम आणि पंचशीला तिघं अंगणात बसून मोजायला लागले. टेप, वही, फोटो. दोन घंटे. खुणा एकतीस निघाल्या. माझ्या तीन गाठी चुकल्या होत्या, दोन बोटांनी. मी म्हणाले, "गोवराच्या वक्ताच्या असतील, तेव्हा मला झोप नव्हती." सरांनी तेही लिहून घेतलं.

सोळाव्या खुणेशी त्यांचं पेन थांबलं. "इथून पाणी एकदम जलद उतरलंय. दुप्पट. झरा आटला का काय झालं?"

पंचशीलाला ठाऊक होतं, तिने माझं वाचलं होतं. पण तिने माझ्याकडं बघितलं. म्हणून मीच सांगितलं. "त्या हप्त्यात वरची आळी आमच्या विहिरीवर आली, सर."

"आणि तुम्ही पाणी दिलं?"

"मंग? तहान लागली होती त्यांना. आमच्या घरटी चारच्या दोन घागरी केल्या."

मॅडमनी मान खाली घातली. सरांनी वहीत एक रेघ मारली आणि तिच्या पुढं काहीतरी लांबलचक लिहिलं.

जेवायला बसल्यावर सर पंचशीलाला म्हणाले, "न सांगता दाखवला असतास तरी माझ्या ध्यानात आलं असतं. मग मी जेवून निघून गेलो असतो, आणि तुला कधी कळलं नसतं का ते." साहेबरावच्या हातातली वरणाची पळी तशीच राहिली. मग त्याने सरांना वाढलं, इतकं की ताटातून खाली आलं.

पंचशीलाला जागा दिली का नाही, हे त्यांनी तोंडाने सांगितलं नाही. मी लाजेकाजेने विचारलं नाही. स्थळाच्या घरी विचारत नाहीत.

जाताना मात्र परत यायचं बोलून गेले. ते खाली लिहायचं राहिलं, सूनबाई हाक मारते आहे.

२९ एप्रिल, शुक्रवार

पत्र आलं. कागदाचं नाही, मोबाईलवर. पंचशीलाने वाचून दाखवलं, सगळं इंग्रजीत, मग मराठीत. बेंगळूर, दोन वर्षं, एक जुलैपासून. मी तिला म्हणाले, परत वाच. तिने वाचलं. साहेबराव म्हणाला, "अजून एकदा." त्याने तिसऱ्यांदा ऐकलं, आणि खाकी नसली तरी बापासारखा ताठ उभा राहिला.

मी डायरीच्या शेवटच्या पानावर गेले. बारा गावांवर रेघा आहेत. बेंगळूरच्या भोवती मी गोल केला, तो जरा वाकडा झाला.

कोंडाबाई आली. मी पेढा दिला. तिने खाल्ला, पण गुडघा काढला नाही. म्हणाली, "सोळावी गाठ बी नेली का त्यांनी बेंगळूरला?"

"दोर इथंच हाय. नुसते फोटो नेले."

"बरं केलं," ती म्हणाली.

त्या दिवशीचं राहिलेलं लिहिते. गाडीत बसताना सर म्हणाले होते, मृग लागला की दोर घेऊन पाणी पुन्हा मापायचं, पहिली गाठ मीच मारायची. आधी ओढ्यातल्या विहिरीत, मग वरच्या आळीच्या. मी म्हणाले, "सर, वरच्या विहिरीत मी अजून कधी वाकून बघितलं न्हाई. खोल किती हाय मला ठावं न्हाई." मॅडम म्हणाल्या, "मग आपण दोघी बघू, आजी."

दोर पुन्हा आढ्याला टांगला आहे, वरवंटा बांधून. बाजेला साहेबरावने नायलॉनची दोरी आणली, कचकचते. पाहुणे बुधवारी, आठ जूनला येणार आहेत.